ठसका न येणारी मिरची

दारावर थाप पडली तेव्हा माझ्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात जळणारी लाल ढबू मिरची. उघडंच आहे, म्हणाले मी. दार ढकललं गेलं आणि एक तरुण गुडघ्यांवर रांगत आत आला. तोंडाला ओला टॉवेल, हातात पाण्याची बादली.

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी पुरुष माझ्यासमोर गुडघ्यांवर आला होता. त्याचं सगळं लक्ष मात्र गॅसकडं होतं.

"आग कुठं हाय?" टॉवेलातून आवाज आला.

"ही काय," मी मिरची दाखवली.

तो मिरचीकडं बघत राहिला. मग माझ्याकडं... मग परत मिरचीकडं. दोघींत ती जास्त काळी होती, म्हणून मी राग धरला नाही.

मग जमिनीवर बसूनच त्यानं खुलासा केला. तो बिरदेव, गच्चीवरच्या शेजारच्या खोलीतला, इथंच मिरजेत एका हॉस्पिटलच्या आयसीयूत नर्स. आगीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की धूर असला की जमिनीलगत राहायचं. इतक्या वर्षांत ते वापरायची संधी पहिल्यांदाच आली होती, त्यामुळं लगेच उठून उभं राहणं त्याच्या जिवावर आलं होतं. मी म्हटलं, बसा निवांत.

आम्ही दिवाळीपासून एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहत होतो आणि निदान मी तरी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. मी कामावरून यायचे तेव्हा तो ड्यूटीवर निघालेला असायचा. त्याची बादली नळाखाली वाजायची, तो आवाज मला पाठ होता. एखाद्या माणसाची बादली ओळखीची असावी आणि माणूस नसावा, याला काय म्हणतात मला माहीत नाही. शेजार म्हणत असावेत.

माझं नाव स्वप्नाली. गाव साताऱ्याकडं, कोरेगावजवळ. मिरजेत मी एका लॅबमध्ये रक्त काढते. लोक हात माझ्याकडं देतात आणि तोंड भिंतीकडं फिरवतात. दिवसभरात मी कितीतरी कान बघते. संध्याकाळी खोलीवर यावं तर खाली घरमालक चांदसाहेबचाचा तंबोरा जुळवत बसलेले असतात. तेवढा एक आवाज जिन्यानं वरपर्यंत येतो, माझ्या दारात थांबतो, आणि दार लावलं तरी आत येतो. दुसरं कुणी येत नाही.

म्हणून मी तो सॉस करायला घेतला होता. मोबाईलवरची बाई हसत हसत सांगत होती, फटाफट, पंधरा मिनिटांत, चार जणांसाठी. लाल ढबू थेट गॅसच्या जाळावर धरायची, साल कोळशासारखी काळी होईपर्यंत फिरवत राहायची. मग भांड्यात झाकून ठेवायची, म्हणजे वाफेनं साल सुटते. तोवर काजू गरम पाण्यात, लसूण लोण्यात. साल काढून सगळं मिक्सरमध्ये, वर घट्ट साय, मीठ, लिंबू. झालं. मी नेहमी चार जणांचंच करायचे. निम्मं करायला गणित लागतं, आणि एका माणसाचं माप कुणी सांगतच नाही. चार वेळा जेवलं की माणसं तेवढीच होतात.

तेवढ्यात घरमालकीण रशीदाचाची धापा टाकत वर आल्या. त्यांनी चिमट्यातली मिरची पाहिली, धूर पाहिला, नाकानं दोनदा हवा ओढून घेतली. आणि कपाळाला हात लावला.

"एवढी थोरली मिरची जळली," त्या म्हणाल्या, "आणि ठसका नाही?"

आता हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या आणि घरभर ठसका उठला, तर काही नाही, नुसता आपला संशय. पण मिरची जळूनही कुणी खोकलं नाही, तर दृष्ट भयंकर. मी सांगायचा प्रयत्न केला की चाची, ही ढबू आहे, हिला तिखटपणाच नाही, ठसका येणार कुठून. चाची म्हणाल्या, ढबू असो नाहीतर लवंगी, मिरची ती मिरची. कुणीतरी तुझ्याकडं टक लावून बघितलंय बाई, लय दिवस बघितलंय.

खरं सांगते, मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत कुणी माझ्याकडं बघत असेल अशी शंकासुद्धा मला आली नव्हती.

"कुणी बघितलं असेल?" मी विचारलं.

बिरदेव सिलिंडरकडं बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. कानांचा मला अनुभव आहे.

चाची गेल्यावर मी सॉस वाटला. शेंदरी, मऊ, चमच्यावरून हळू घसरणारा... आणि घासाच्या शेवटी धुराची एक बारीक चव, चूल विझल्यावर स्वयंपाकघरात राहते तशी. बिरदेवनं खोलीतून कडक भाकरी आणली. त्याचं गाव जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून. वडील मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर, आई घरात कानडी बोलते आणि पापडासारख्या पातळ ज्वारीच्या भाकरी करून पाठवते. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, सॉसमध्ये बुडवला, चावला, डोळे मिटले.

"लय भारी कोरड्यास केलंय तुमी," तो म्हणाला.

मी म्हटलं, कोरड्यास नाही, सॉस आहे. त्यावर त्याचं म्हणणं असं की भाकरीला लावून खाल्लं की ते कोरड्यास. सॉस व्हायचं असेल तर त्यानं भाकरीपासून लांब राहावं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी पसरली होती. तिसऱ्या घरातल्या वहिनी पोराच्या अंगावरून ढबू ओवाळून घेऊन आल्या. तुझ्या गॅसवर जाळ, तुझा गॅस दृष्ट ओढतो म्हणे. जाळली. ठसका अर्थातच आला नाही. वहिनींनी तोंडाला पदर लावला, पण पदराआड त्या खूश होत्या. आपलं पोर कुणाच्या तरी डोळ्यात भरण्यासारखं आहे, याचा पुरावा मिळाला होता. मग काय, शिलाईवाला आला, रिक्षावाला आला, नवी स्कूटर घेतलेली मॅडम आली. सगळ्यांनाच भयंकर दृष्ट लागलेली निघाली. कुणी आपल्याकडं टक लावून बघावं असं न वाटणारा माणूस मला गल्लीत भेटला नाही. लोक जिना चढायचे, मिरची द्यायचे, जळताना दारातूनच बघायचे आणि समाधानानं उतरायचे. चहा घ्या म्हटलं तर म्हणायचे, नको, दृष्टीच्या घरात काही घेऊ नये.

म्हणजे गल्लीभर लोक माझ्या दाराशी यायला लागले आणि उंबऱ्याच्या आत कुणीच यायचं नाही. बिरदेव सोडून.

प्रश्न असा झाला की एवढ्या भाजलेल्या मिरच्यांचं करायचं काय. ओवाळलेलं खायचं नसतं. पण आमच्या घरात अन्न टाकायचंही नसतं. मी अडकले. तोडगा बिरदेवनं काढला. दृष्ट सालीवर बसती, तो म्हणाला, आत जात न्हाई, आत जायला काय ती सलाइन हाय? त्यानं काळ्या साली गोळा केल्या, हॉस्पिटलात जंतूंचा कचरा टाकतात तसल्या पिवळ्या पिशवीत भरल्या, गाठ मारली आणि ड्यूटीला जाताना तीन रस्त्यांच्या तिकटीवर टाकून आला. उरलेल्या गराचा सॉस झाला.

त्या पावसाळ्यात आख्ख्या गल्लीची दृष्ट आम्ही दोघांनी मिळून खाल्ली. कधी भाकरीबरोबर, कधी मॅकरोनीत, कधी नुसतीच बोटानं. आम्हाला काही झालं नाही. म्हणजे पोटाला काही झालं नाही.

त्यानं ड्यूटीच्या पाळ्या बदलून घेतल्या. मला सांगितलं की डॉक्टरांनी बदलल्या. मी लसूण सोलायचे, तो मिरची फिरवायचा, जाळ सगळीकडून सारखा लागला पाहिजे म्हणून पेशंटला कूस बदलून द्यावी तशी. बाहेर गच्चीवर पाऊस वाजायचा. बोलता बोलता 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही, किंवा दोघांनीही तसं दाखवलं. एकदा माझ्या गालाला काजळी लागली. तो म्हणाला, लागलीया. मी म्हटलं, कुठं? त्यानं बोट उचललं... आणि स्वतःच्या गालावर ठेवून दाखवलं. इथं. मी पुसली नाही. रात्रभर तशीच ठेवली.

मधेच तो विचित्र शब्द पुटपुटायचा. विचारलं तर म्हणाला, जर्मन शिकतोय. तिकडं नर्स लोकांना बोलावत्यात. जर्मनीत ढबूला पाप्रिका म्हणतात, हे मला त्याच्याकडून कळलं. त्याच्या जर्मनला कानडी हेल होता. मला वाटलं, पुष्कळ लोक पुष्कळ काय काय शिकतात. मी स्वतः एकदा भरतकाम शिकले होते. त्यातून काही निष्पन्न होत नाही.

एका संध्याकाळी मिरच्या सोलून झाल्या, मी साय ओतली, झाकण लावलं, आणि तो म्हणाला, "माझं नक्की झालंय गं. पुढल्या महिन्यात जायचं."

मी मिक्सर लावला.

तो पुढं काहीतरी बोलत होता. ओठ हलत होते. मी बटण फिरवून वेग वाढवला. तो थांबला, मी थांबले नाही. मिक्सरला तोंड असतं तर तो म्हणाला असता, बाई, बास. सायीचं लोणी झालं, पाणी वेगळं, मिरची वेगळी, सगळं आपापल्या वाटेला गेलं. मी झाकण उघडलं आणि म्हटलं, फाटला. तो म्हणाला, असू दे. आम्ही तोही खाल्ला.

त्यानंतर रोज मी ठरवायचे की आज सांगायचं. तू गेलास तर मला चालणार नाही, एवढंच. छोटं वाक्य. पण वाटायचं की ज्या माणसाच्या बापानं आयुष्यभर मेंढरांमागं पाय झिजवले, त्याच्या विमानाला मी कशी आडवी जाऊ? त्यामुळं मी न सांगता पंधरा मिनिटांचा सॉस दीड तास करायला लागले. गॅस अगदी बारीक. तो म्हणायचा, जाळ मोठा कर की. मी म्हणायचे, नको, आतून कच्ची राहते. ढबू कच्ची राहिली तरी चालते, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. त्यानं कधी तसं म्हटलं नाही. बारीक जाळाकडं बघत बसायचा.

निघायच्या दिवशी मी त्याच्याबरोबर मिरज स्टेशनवर गेले. घरच्यांचा निरोप तो गावी जाऊन घेऊन आला होता. विमान दुसऱ्या रात्रीचं होतं, तिथवर रेल्वेनं जायचं. माझी योजना पक्की होती. गाडी येईल, तो चढेल, दारात उभा राहील, आणि गाडी हलली की मी सांगून टाकेन. म्हणजे सांगितलं असंही होईल आणि उत्तर ऐकायला लागणार नाही. योजनेत काही चूक नव्हती. फक्त रेल्वेला ती माहीत नव्हती.

लाउडस्पीकरवरची बाई म्हणाली, गाडी उशिरा धावत आहे, आपल्याला होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

आम्ही बाकावर बसलो. मधे त्याची बॅग. पत्र्यापलीकडं रुळांवर पाऊस बारीक पडत होता. बोलण्यासारखं सगळं बोलून झालं. स्वेटर, पासपोर्ट, तिकडची थंडी. मग बोलायला फक्त खरं तेवढंच उरलं.

त्यानं माझा हात बॅगेवर उताणा ठेवला आणि कोपराच्या आतल्या बाजूला अंगठ्यानं हलकेच दाबून बघितलं.

"शीर चांगली हाय तुझी," तो म्हणाला.

आमच्या कामात याहून मोठं कौतुक नसतं.

"बिरदेव," मी म्हटलं, "तू गेलास की... मला करमणार नाही."

"थोडं न्हाई करमणार का लय?"

"लय."

बीपी लिहून घ्यावं तशी त्यानं मान हलवली. "मला तर आत्ताच करमंना झालंय. आजून गेलोबी न्हाई."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. तू मिक्सर लावला हुतास."

मला हसू आलं आणि त्याबरोबर नको ते डोळ्यांतूनही आलं. त्यानं ते बघितलं नाही असं केलं, आणि बॅग उचलून पलीकडं ठेवली. आता मधे काही नव्हतं.

"थांबशील?" त्यानं विचारलं. आवाज इतका हळू की मला तो खांद्याला ऐकू आला.

"थांबणार नाही," मी म्हटलं. "मी कामावर जाईन, जेवेन, रडेन, सिनेमे बघेन. तू येशील तेव्हा मी थांबलेली नसेन. पण असेन."

"फरक काय पडला?"

"माझ्या तब्येतीला पडतो."

त्यानं विचार केला. "चालंल," तो म्हणाला. आणि मग अगदी सावकाश, जड पेशंटला आधार द्यावा तसा, माझा हात स्वतःच्या हातात घेतला.

लाउडस्पीकर खरखरला. गाडी आणखी उशिरा येणार होती. बाई पुन्हा दिलगीर होती. पलीकडच्या बाकावरचे काका रेल्वेच्या नावानं बोटं मोडायला लागले. आख्ख्या फलाटावर आम्ही दोघंच होतो, ज्यांनी तिला मनापासून माफ केलं.

मग कधीतरी लांब वळणावर, पावसाच्या आत, गाडीचा दिवा दिसला. बिरदेवला तो दिसला हे मला त्याच्या हातावरून कळलं. पण तो काही बोलला नाही.

मला तो त्याच्याही आधी दिसला होता. मीही बोलले नाही.