सहा टाक्यांनंतर

"आई गं!"

शेजारचा माणूस सीटवरून असा ताडकन उठला, की कंडक्टरला वाटलं याला उतरायचंय. त्यानं घंटीची दोरी ओढली. अमळनेर-धुळे गाडी भर कपाशीच्या शेतात थांबली आणि सगळी माणसं माना वळवून आमच्याकडे बघायला लागली.

चूक माझी होती. माझ्या मांडीवर अर्धवट शिवलेली गोधडी होती. तिचं एक टोक घसरत त्याच्या बाजूला गेलं होतं, आणि त्या टोकात मी सुई तशीच खोचून ठेवली होती.

"फार टोचलं का हो?"

"नाही, नाही..." तो मांडी चोळत परत बसला. गाडी सुटली. मग त्यानं ते टोक हातात घेऊन नीट पाहिलं, उलटून पाहिलं. "हे... तुम्ही शिवलंय?"

"हो. का?"

"काही नाही. धाडसी टाके आहेत."

राग यायला हवा होता मला... पण हसूच आलं. कारण खरं होतं ते. एक टाका गव्हाएवढा, तर पुढचा बोटाएवढा. आणि माझं नाव काय, तर टबीथा! शास्त्रातली, म्हणजे बायबलातली टबीथा विधवांना कपडे शिवून द्यायची, म्हणून आईनं मोठ्या हौसेनं ठेवलेलं. आई म्हणजे प्रमिलाबाई, आमच्या मंडळीच्या महिला संघाची प्रमुख. धुळ्याच्या चर्चमध्ये कोणाचंही लग्न असो, बाळ असो, आईच्या हातची गोधडी जाणार म्हणजे जाणारच. आणि तिच्या पोटी मी!

आमच्या घराचा एक नियम होता. मुलीनं स्वतःच्या हातानं एक गोधडी पुरी करायची, मगच तिच्या लग्नाचं बोलायचं. वर आजीच्या लुगड्याचे, पप्पांच्या शर्टांचे, माझ्या शाळेतल्या फ्रॉकचे तुकडे. मला हा नियम फार सोयीचा होता. नुकतीच बालवाडीत नोकरी लागली होती, लग्नाची घाई नव्हती. दोन वर्षं मी आठवड्याला एक ओळ शिवत होते. फारच बोलणी बसली, तेव्हा अमळनेरला मावशीकडे घेऊन गेले, तिनं गुपचूप थोडी शिवून द्यावी म्हणून. मावशीनं चहा दिला, शेव-मुरमुरे दिले, आणि गोधडी जशीच्या तशी परत दिली.

"सुई देता जरा?" शेजारच्यानं विचारलं.

"चालत्या गाडीत?"

त्यानं टोकातली सुई काढून घेतली. धुळ्याचा रस्ता तो, हाडं खिळखिळी करणारा. पण त्याचा हात गाडीबरोबर वर जायचा, गाडीबरोबर खाली यायचा, आणि टाका पडायचा तो सरळ रेघेत. बोटं जाड, नखांच्या कडा काळ्या. एवढ्या दांडगट हातातून एवढं नाजूक काम निघताना मी पहिल्यांदा पाहत होते. बघतच राहिले, खोटं कशाला बोलू!

"डेपोत आहे मी, वर्कशॉपला," माझी नजर नखांवर गेलेली पाहून तो म्हणाला. "परवाच शिरपूरहून बदलून आलो. सुकदेव माझं नाव."

"सुकदेव? हे तर आजोबांचं नाव वाटतं."

"आजोबांचंच आहे. त्यांना आता लागत नाही, म्हणून मला दिलं."

रविवारी चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर तो दिसला. पहिलं गीत संपेपर्यंत मी चार वेळा तिकडे पाहिलं. चारही वेळा तो इकडेच पाहत होता. उपासना सुटल्यावर पायरीपाशी आला आणि हळूच म्हणाला, "सलाम. सुई बरी आहे ना?"

सत्याऐंशी सालचा डिसेंबर होता. नाताळाच्या गाण्यांची तालीम रोज संध्याकाळी चर्चमध्ये व्हायची. मी गाणाऱ्यांत होते, तो पेटीवर. तालमीआधी अर्धा तास मी व्हरांड्यात गोधडी पसरून बसायची... आणि तो ड्यूटीवरून यायचा, आधी रॉकेलनं आणि मग साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा, नि समोरच्या टोकाला बसायचा. या टोकापासून मी, त्या टोकापासून तो. मधे सबंध गोधडी. येणारे-जाणारे हसायचे, पण बोलणार काय? आम्ही शिवत होतो!

"तुम्हाला शिकवलं कोणी?"

"आईनं. मी एकटाच पोर, तिला मुलगी नव्हती. पाच वर्षं झाली तिला जाऊन. तिच्यामागं सवय राहिली. सुटीच्या दिवशी सुई धरली नाही तर करमत नाही."

"मित्र चिडवत असतील."

"चिडवतात. थंडी वाढली की मग तेच गोधडी मागायला येतात."

एक गोष्ट मला कळत नव्हती. तो सहा टाके घालायचा, मग एका टाक्याएवढी जागा रिकामी सोडायचा, आणि क्षणभर डोळे मिटायचा. पुन्हा सहा टाके. पुन्हा डोळे...

"झोप येते का हो तुम्हाला?" मी एकदा विचारलंच.

तो लाजला. कानापर्यंत लाल झाला. "आईची रीत आहे. सहा दिवस काम, सातवा दिवस देवाचा. तसे सहा टाके कामाचे, सातवी जागा प्रार्थनेची."

"कोणासाठी प्रार्थना?"

"जो पांघरणार त्याच्यासाठी. नाव घेऊन करायची."

मी "अच्छा" म्हणाले आणि मान खाली घातली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही गोधडी पांघरणार कोण? मीच ना! त्या दिवशी तालमीत माझा सूर तीनदा चुकला. घरी जाऊन मी त्याच्या सोडलेल्या जागा मोजायला बसले. दोनशेच्या पुढे मला मोजवेना. एवढं माझ्यासाठी देवाजवळ कोणी बोललं असेल, असं मला वाटत नव्हतं.

त्यानंतर मी शिवायला लागले ती झपाटल्यासारखी. दुपारच्या सुटीत, सकाळी चहाआधी... कधी एकदा गोधडी पुरी होते आणि घरात लग्नाचं बोलणं निघतं, असं मला झालं होतं. आमच्या दोघांमधलं अंतर रोज चार बोटं कमी होत होतं. बोलायचं मात्र तो काही बोलत नव्हता.

बोलणं निघालं. पण कसं! गोधडी पुरी होत आलेली पाहून आईला वाटलं, लेक मनानं तयार झाली. तिनं आनंदानं नाशिकच्या एका चांगल्या घरी पत्र टाकलं. मुलगा बँकेत. रविवारी ते लोक मला बघायला येणार होते.

मी धावत जाऊन सुकदेवला सांगितलं. त्याची सुई थांबली.

"बँकेत आहे म्हणजे... चांगलंच स्थळ."

"एवढंच?"

"माझ्याकडून बोलायला घरी मोठं माणूस नाही, टबीथाबाई. आणि ग्रीसचे हात घेऊन मी तुमच्या आईसमोर काय उभा राहू?"

"तुम्हाला तोंड आहे ना?" मी चिडून विचारलं. त्यानं शेवटची ओळ पुरी केली, दोरा तोडला, गोधडीची सुरेख घडी घातली आणि माझ्या हातात दिली. घरी गेल्यावर मी त्या घडीत तोंड खुपसून रडले.

शनिवारी सकाळी आईनं अंगणात उन्हाला खाट टाकली आणि गोधडी तपासायला घेतली. टाके बोटानं वाचायची तिची पद्धत. निम्म्यापर्यंत बोट अडखळत गेलं, ते माझं काम. मग बोट एकदम सरसर चालायला लागलं... आणि थांबलं. आई खाली बसली.

"टबी, सुमनबाईचे टाके आपल्या गोधडीत कसे आले?"

"कोण सुमनबाई?"

"शिरपूरची. मिशनच्या बोर्डिंगात आम्ही दोघी एका सुईवर शिवायला शिकलो. सातवी जागा सोडणारी तीच एक. ती तर गेली ना गं..." आईचं बोट त्या जागेवरून हलेना. "खरं सांग."

खोटं बोलायला वाट होती. मीच शिकले म्हटलं असतं, तर आईनं मला जवळ घेतलं असतं, आणि उद्या नाशिकचे लोक आले असते. पण ज्या जागांत माझ्या नावानं प्रार्थना होती, त्यांच्यावर हात ठेवून खोटं बोलवेना.

"अर्धी गोधडी माझी नाही, आई. सुमनबाईंच्या मुलानं शिवली. सुकदेवनं. आणि मला नाशिकला जायचं नाही. मला ते आवडतात."

आई उठली. म्हणाली, "बोलव त्याला."

मी पप्पांची सायकल काढली. पप्पांनी फक्त टायर दाबून हवा पाहिली. डेपोच्या फाटकातून मी त्याला तसाच खाकी कपड्यांत घेऊन आले. तो अंगणात उभा राहिला, हात पाठीमागे लपवून. आईच्या हातात कात्री होती.

"फसवलंत मला दोघांनी," आई म्हणाली. "नियम म्हणजे नियम. टबी, ही कात्री घे. उसव."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या कडेचा पहिला टाका मी शोधला. त्याखाली कात्रीचं टोक घातलं...

"त्याचे नाही!" आई ओरडली. "त्याचे राहू देत. तुझे उसव. सुमनबाईच्या टाक्यांशेजारी असले टाके शोभतात का? पुन्हा शीव. तो बसेल समोर आणि शिकवेल."

सुकदेव वेड्यासारखा आईकडे बघत होता. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आणि धुळ्यात आल्यापासून जपून बोललेली त्याची सगळी पुस्तकी मराठी एका क्षणात पळाली, घरची अहिराणी तेवढी उरली.

"मावशी... माले टबीथासंगे लगीन करनं शे."

आईनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज महिला संघाच्या प्रमुखाचाच.

"मंग इतला दिन काय तोंडमा दोरा धरेल व्हता?"

पप्पा नाशिकला तार करायला निघाले. आई माझ्याकडे वळली. "आनि तुनं काय म्हननं शे?"

सुकदेव माझ्याकडे बघत होता, श्वास रोखून. मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि माझा पहिला टाका उसवायला घेतला.