तीन स्वरांच्या दांड्या उलट्या का?

"तंतू, तुला कान आहेत की नुसत्याच तारा?"

विचारलं बाई एकदाचं! अख्ख्या वाद्यवृंदासमोर हे विचारून दाखव, अशी पैजच निहारा आणि कस्तुरी या मैत्रिणींनी इरावतीशी लावली होती. तंतू म्हणजे त्यांच्या मिरजेच्या शाळेतला व्हायोलिन वाजवणारा यंत्रमानव. त्याने आत्ताच इरावतीच्या धुनेची पार वाट लावली होती. सात मात्रांच्या रूपक तालातली तिची उड्या मारणारी धून चक्क लंगडत होती! संध्याकाळी ती चंद्रावरच्या वसाहतीतल्या मुलांना थेट ऐकवायची होती. "तोवर सुधारली नाही, तर दुसरी धून घेऊ," असं संगीताच्या बाईंनी बजावलं होतं.

"कान आहेत," तंतू शांतपणे म्हणाला. "पण तू लिहिलंस तेच मी वाजवलं."

"मी?" इरावती किंचाळलीच.

स्वरलिपीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या रुबीनाताई तिथेच होत्या. त्यांनी धून पडद्यावर मोठी केली. पाच आडव्या रेघा आणि त्यांवर ठिपके, म्हणजे स्वर. प्रत्येक ठिपक्याला दांडी (चिकटलेली उभी रेघ) आणि दांड्यांची टोकं जोडणारा बीम (जाड पट्टी).

"काही खटकतंय?"

"पहिले तीन स्वर तर खालचे आहेत. मग दांड्या खाली का लोंबतायत?"

"शाबास! ठिपका मधल्या रेघेच्या खाली असला की दांडी वर जाते, वर असला की खाली. म्हणजे ती रेघांबाहेर भरकटत नाही. मग या उलट्या का?"

इरावतीने पडद्याला नाकच लावलं. बीम तीन नव्हे, चार स्वरांना जोडत होता! चौथा होता पार वरच्या टोकाला.

"एका बीममधल्या दांड्या एकाच बाजूला जातात," ताई म्हणाल्या. "आणि बाजू ठरवतो मधल्या रेघेपासून सगळ्यांत लांबचा स्वर."

"म्हणजे चौथ्याने या तिघांना खाली ओढलं! पण तो यांच्यात घुसलाच कसा? रूपक म्हणजे तीन-दोन-दोन!"

"सॉफ्टवेअरने चार-तीन केलंय. बीम म्हणजे सजावट नाही गं. 'इथे नवा गट, इथे जोर दे,' असं तो वाजवणाऱ्याला सांगतो. जोर हवा होता पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. तंतूने दिला पहिल्या आणि पाचव्यावर. तू तालाच्या जागी काय भरलं होतंस?"

"सात मात्रा."

"त्या तोडायच्या कशा, ते?"

इरावतीने आ वासला. तिचे बाबा तबला शिकवायचे. "ते काय सांगायचं असतं? आमच्या घरी शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!"

आता चाट पडायची पाळी ताईंची होती. "मी या सतारी-तंबोऱ्यांच्या मिरजेतच वाढले, आणि सात म्हणजे चार-तीन ही सवय सॉफ्टवेअरला मीच लावली!"

इरावतीने तीन-दोन-दोन भरलं. बीम तुटला आणि पहिल्या तिन्ही दांड्या टुणकन वर उडाल्या! तंतूने वाजवलं. धून धावली.

"सॉरी हं, तंतू."

"कान आहेत, हे सिद्ध झालं का?" तंतूने विचारलं. निहारा फिस्सकन हसली.

संध्याकाळी धून संपली, तेव्हा पलीकडे शांतता! पण चंद्रापर्यंत जायला आणि परत यायला संदेशाला थोडा वेळ लागतोच की! मग टाळ्या आल्या, त्याही रूपकाच्या ठेक्यात.

घरी पोचताच तिने चपलाही न काढता जाहीर केलं, "आई, बाबा, या सुट्टीत मी मामाकडे येत नाहीये. रुबीनाताईंशी बोलून ठेवलंय. झपताल, धमार, आपले सगळे ताल मी त्या सॉफ्टवेअरला शिकवणार. आणि बाबा, तुम्हीही यायचंय. तबला घेऊन!"