शलमोनच्या कबरीतलं अंडं

आमच्या संगमनेरच्या ख्रिस्ती कबरस्तानात कबर आदल्या दिवशी खणून ठेवायची रीत. त्या एका रात्रीत पक्ष्याला जागा सापडली. नाहीतर माझ्या भावाला आम्ही बिनदिक्कत पुरलं असतं.

१९४४ चा मे महिना. शलमोन बोटीवर आगवाला होता, भट्टीत कोळसा टाकायचा. बोट बुडून वर्ष झालं, तरी प्रेत मिळालं नव्हतं. पाळक कृपादानांनी ठरवलं, त्याचा कोटच पेटीत घालून पुरायचा. माझी भावजय लिडिया मोकळी होईल. तिच्या वडिलांनी जामखेडात दुसरं स्थळही बघून ठेवलं होतं.

सकाळी पेटी घेऊन गेलो, तर कबर खणणारा छगन आत वाकून उभा.

"पाळकसायेब, हितं आदीच बिऱ्हाड आलंय की!"

कबरीच्या भिंतीत हातभर खोल बीळ होतं. आत राखी रंगाचा पक्षी. त्याला मासळीच्या तेलाचा वास येत होता. पोटाखाली एकच पांढरं अंडं.

मिशनच्या डॉक्टरीणबाई बघायला आल्या. मला म्हणाल्या, "दीनाबाई, हा समुद्रातल्या बेटांवर बिळं करून राहतो. खारं पाणी पितो आणि त्यातलं मीठ नाकातून ठिबकवतो. इथून समुद्र नव्वद मैल. मध्ये सगळा सह्याद्री."

लिडिया कबरीच्या काठावर पाय सोडून बसली. "माती लोटली की मी विधवा. अंडं फुटेस्तोवर लोटू देणार नाही."

"आणि फुटल्यावर?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"पिल्लू उडेस्तोवर."

त्या कबरीइतकी मजा आमच्या मंडळीत कुठल्या लग्नातही आली नव्हती. नर-मादी आळीपाळीनं अंड्यावर बसत. एक गेला की आठवडाभर बेपत्ता, मग दिवेलागणीला थेट बिळात. लोक शेंगा खात त्याची वाट बघत. पावसाळ्यात पाळकांनी स्वतः वर पत्रा घातला. पिल्लू निघालं, ते बघता बघता आईबापापेक्षा गुबगुबीत झालं. लिडिया वर्षानं हसली.

सप्टेंबरात आईबाप यायचे थांबले.

"त्यांची रीतच ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पिल्लू काही दिवस उपाशी बसतं. मग एकटंच समुद्राकडे निघतं. वाट कुणी दाखवत नाही."

बाराव्या सकाळी बीळ रिकामं होतं. आम्ही पेटी पुन्हा आणली. लिडियाच्या वडिलांनी तिला न्यायला बैलगाडी जुंपली. छगननं, मान खाली घालून, फावडं उचललं.

तेवढ्यात फाटकातून शलमोन आला.

गुबगुबीत, गोरापान, उन्हाला डोळे मिचकावत. लिडिया धावली. पाळक मटकन पेटीवरच बसले.

"कुठं होतास रे मेल्या?" मी रडत विचारलं.

"अंधारात होतो, अक्का. ऊब होती. दोघं आळीपाळीनं भरवायची." त्यानं पोटावरून हात फिरवला. "मग यायची बंद झाली. लई भूक लागलीय."

कुणी पुढं विचारलं नाही. बकरं कापलं, भजनं झाली. सासरेबुवा जावयाला मिठी मारून नाचले. छगननं आनंदानं कबर बुजवली, रिकामीच.

दुसऱ्या सकाळी मी चहा घेऊन त्या दोघांच्या खोलीत गेले. शलमोन शांत झोपला होता. नाकातून थेंब थेंब पाणी ठिबकत होतं आणि उशीवर पांढरं होऊन वाळत होतं. मी बोट लावून जिभेला टेकवलं. मीठ.

लिडियानं ते पदरानं टिपलं आणि ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघून हसली. किती गोड हसली!

तिच्या मागं, पश्चिमेकडच्या खिडकीला, आतून नवे खिळे ठोकलेले होते.