बाहेरचा उमेदवार

साधनाच्या टायपिंगच्या दुकानात चंचल मंडल पहिल्यांदा शिरला, तो कोळशाच्या ट्रकांची धूळ चुकवायला. आलोच आहे तर... म्हणून त्याने खिशातला अर्ज पुढे केला. साधनाने वाचला आणि कपाळाला हात लावला. ‘आमचा मागणी’, ‘आमची पगार’!

"मराठी कोणी शिकवलं तुमाले?"

"कोणीच नाही," तो हसला. "म्हणून तर असा आहे."

सतराव्या वर्षी तो बंगालमधून मुलचेऱ्याला मामाकडे आला होता, आणि तिथून घुग्घुसला सिमेंटची पोती उचलायला. एका सोबत्याचा हात पोती वाहणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यात अडकला, तेव्हा कंत्राटदाराशी भांडायला तो पुढे झाला आणि मग पुढेच राहिला. आता तो कंत्राटी कामगारांच्या युनियनचा सचिव होता.

त्यानंतर दर सोमवारी तो नवा अर्ज घेऊन येई. साधना वैतागून एकेक शब्द त्याच्याकडून घोकून घेई. तो तिच्याकडे टक लावून ऐके, आणि पुन्हा तेच चुके... मुद्दाम, असा तिला दाट संशय होता. त्याहून वैताग तिला स्वतःचा येई—दर सोमवारी हिरवीच ओढणी का घेतो आपण?

चार वर्षांनी तो नगरपरिषदेला उभा राहिला. भाषणं साधनाने लिहिली. समोरच्यांनी प्रचारात एकच सांगितलं, हा बाहेरचा आहे. चंचल एकतीस मतांनी पडला.

चौथ्या दिवशी तो बॅग घेऊन दारात आला. मामाची शेती बघायला मुलचेऱ्याला परत चाललो, म्हणाला. मी इथला नाही हे लोकांनीच सांगून टाकलं. साधना भडकली. सहाशे लोकांनी मत दिलं, ते काय बाहेरचे होते? परवा कामगार न्यायालयात सुनावणी आहे, तिथे कामगारांच्या बाजूने कोण बोलणार?

"अन् माझं काय?" तिच्या तोंडून निसटलं.

तो थबकला. "तुमचं...?"

"चार वर्षांपासून तुमचे अर्ज लिहून राह्यली मी. अर्जाशिवाय काई बोलता येत नाई का तुमाले?"

"येतं. पण तुमच्या बाबांना काय सांगू—"

"मीच सांगतलं त्याइले. काल." ती टाइप केलेले कागद उगाच सारखे करत राहिली. "म्हणाले, पोरगा पडला तं चालन. पळाला तं नाई चालनार."

चंचलने बॅग खाली ठेवली आणि न विचारता तिचा हात धरला. गिऱ्हाईक येईल आता, साधना कुरकुरली. हात मात्र तिने तिथेच राहू दिला.