धोकादायक खडकाचा ठेकेदार

वर एवढा मोठा आणि खाली एवढा बारीक असलेला हा खडक उभा तरी कसा राहिला, या कोड्यात वल्लरी पडली होती. गुंडोपंतांना मात्र कसलंच कोडं पडलं नव्हतं. त्यांनी खडकाभोवती एक चक्कर मारली आणि निकाल देऊन टाकला.

"इमारत धोकादायक आहे. रिकामी करा."

गुंडोपंत हे यंत्रमानव. आधी ते एका नगरपालिकेत होते. पावसाळ्याच्या तोंडावर पडायला आलेल्या इमारती शोधायच्या आणि त्यांना टेकू द्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर ते वल्लरीच्या कुमुदआत्याच्या संशोधन संस्थेत सामान उचलायला आले. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि यंत्राची तर तेव्हाही जाते की नाही, देव जाणे. राजस्थानच्या वाळवंटात इतक्या आत, जिथे सौरगाडीसुद्धा धापा टाकत पोहोचली, तिथेही ते झटपट वाळणारं सिमेंट घेऊन आले होते.

इथे राहतं कोण, असं आत्याने विचारलं, तेव्हा त्यांनी सावलीत बसलेल्या सरड्याकडे बोट दाखवलं.

आत्याचा चेहरा पडला. हा वालुकाश्म होता (वाळूचे कण दाबले जाऊन, एकमेकांना चिकटून झालेला खडक). त्याच्या बारीक मानेवर तिरप्या रेघा होत्या. फार पूर्वी इथे वाळूच्या टेकड्या असताना वारा कुठून वाहायचा, हे त्या रेघा सांगणार होत्या. त्या वाचायला मिळाव्यात म्हणून आत्याने कित्येक वर्षं परवानगीची वाट पाहिली होती, आणि आता नेमकी तीच मान सिमेंटखाली जाणार होती. जिवाला धोका दिसला की कोणाचंही ऐकायचं नाही, असा गुंडोपंतांचा नियम. आत्याने समजावलं, दटावलं, शेवटी हात जोडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"ठेकेदाराने खालचं काम कच्चं ठेवलंय," गुंडोपंत म्हणाले. "नैसर्गिक कारण असतं तर विषय माझ्या खात्याचा नसता. पण पुरावा लागतो."

ते सिमेंट कालवू लागले, तोच वाळूचं वादळ आलं. वल्लरी आणि आत्या गाडीत पळाल्या. गुंडोपंतांनी जागा सोडली नाही.

वादळ सरल्यावर दोघी बाहेर आल्या. कालवलेलं सिमेंट तेवढ्यात वाळून गेलं होतं, म्हणून गुंडोपंत नवं कालवायला निघाले होते. वल्लरी मात्र त्यांच्या पायांकडे बघत राहिली. प्रवासासाठी मुद्दाम लावलेला त्यांचा केशरी रंग वर चकचकीत होता आणि गुडघ्याखाली पार खरवडून पत्रा उघडा पडला होता. गुंडोपंत चांगले उंच, त्यांचा गुडघा वल्लरीच्या कमरेला लागायचा. खडकाची मानही तेवढ्याच उंचीवर होती.

"गुंडोपंत, तुमच्या पायांचा रंग वेगळ्या ठेकेदाराने दिला होता का?"

गुंडोपंतांनी खाली पाहिलं आणि ते हबकलेच. सगळा रंग एकाच डब्यातला होता, असं ते रडवेल्या आवाजात म्हणाले.

आत्याला आता हुरूप आला. वारा बारीक धूळ आकाशात नेतो, पण वाळूचे कण जड, ते जमिनीवर टुणटुण उड्या मारत जातात, असं तिने सांगितलं. कमरेच्या वर फारच थोडे पोहोचतात. त्यामुळे मार बसतो तो खालीच. याला अपघर्षण म्हणतात (उडत्या कणांनी घासून होणारी झीज). पॉलिश पेपरने लाकूड घासावं तसं ते काम हजारो वर्षं चाललंय.

"म्हणजे ठेकेदार वारा," गुंडोपंत म्हणाले.

"आणि वाळू त्याची मजूर," वल्लरी म्हणाली.

गुंडोपंतांनी सिमेंटचं पोतं मुकाट्याने गाडीत ठेवलं. आत्याने भिंग काढून खडकाच्या पहिल्या रेघेला बोट लावलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले. गुंडोपंतांना मात्र राहवेना. ही इमारत कधीतरी पडेलच ना, असं त्यांनी विचारलं.

"पडेल की," आत्या म्हणाली. "हजारो वर्षांनी. मग तिची वाळू होईल, ती कुठेतरी साचेल, गाडली जाईल, आणि लाखो वर्षांनी पुन्हा खडक होईल."

गुंडोपंतांचा चेहरा उजळला.

"पुनर्विकास," ते म्हणाले. "मग हरकत नाही."