ओल्या बारदानाखालचा ओटा

गीताबाई रडत नव्हती, हीच फौजदार सरिता खरातांची खरी पंचाईत होती. रडणाऱ्या बाईला पाणी द्यायचं, खुर्ची द्यायची, एवढं त्यांना सवयीनं जमायचं. सकाळीच हर्सूलला आपल्या नव्या घराच्या स्लॅबवर पाणी मारून त्या ठाण्यात आल्या होत्या. बाह्या अजून ओल्या होत्या. आणि ही बाई पिशवीतून पुरुषाच्या चपला काढून टेबलावर ठेवून कोरड्या डोळ्यांनी बसलेली.

"नवरा गायब हाय, म्याडम. कचरू. चिकलठाण्याला ब्लॉकच्या कारखान्यात भट्टीवर व्हता. वस्तीत म्हणत्यात, बायकूला टाकून गेला."

"तुम्हाला काय वाटतं?"

"ह्या चपला भट्टीच्या खोलीत फळीवर व्हत्या. कामावर बूट घालतो तो. पळणारा माणूस त्या जड बुटात पळंल व्हय?"

सरितांना काहीच वाटलं नाही. इतकी माणसं हरवतात, की हल्ली त्यांच्या आत काही हलेनासंच झालं होतं. पण चपला समोर होत्या. सरिता उठल्या.

कारखान्याचा मालक सुदर्शन बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. पाडलेल्या इमारतींचं काँक्रीट भरडायचं, भंगारातलं प्लास्टिक वितळवून त्यात कालवायचं, साच्यात दाबायचं.

"सिमेंटचा कण नाय, म्याडम! ब्लॉक गार झाला की वापरायला मोकळा. पाणी लागत नाय. आपल्या दुष्काळी मुलखात अजून काय पायजे?"

भट्टीमागं मुकादम बद्रीनाथ पाण्याची नळी धरून उभा होता. हयात गवंडीकामात घालवून अलीकडंच इथं आलेला माणूस. समोर ब्लॉकचा नवा ओटा, वर अंथरलेलं बारदान चिंब भिजलेलं.

"कचरूला शेवटचं कुणी पाहिलं?"

"मीच. सांजच्याला गेटातून गेला."

"पायात काय होतं?"

"चपला. नेहमीच्याच."

"हा ओटा कधीचा?"

"तो गेल्यावर केला. माल रचायला."

"खाली काय घातलंय?"

"काय नाय. माती चोपली, वर आपलेच ब्लॉक."

"मग पाणी कशाला?"

"धूळ लई उडती, म्याडम."

सरितांनी मागं वळून पाहिलं. सगळ्या आवारात घोटाभर धूळ होती. तिकडं कुणी थेंबही शिंपडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंच आले, पहारी आल्या. ब्लॉक उचलले तर खाली माती नव्हतीच. पक्कं सिमेंट काँक्रीट होतं, अजून ओलसर. त्याच्याखाली कचरू होता.

सुदर्शन खड्ड्याजवळ आला. "पण तुमाला कळलं कसं?"

"चपला माझ्या टेबलावर आहेत, आणि हे मुकादम म्हणतात त्या घालून तो गेला. म्हणजे त्याला जाताना यांनी पाहिलंच नाही." सरितांचा आवाज सपाट होता. "आणि तुमच्या ब्लॉकला पाणी लागत नाही. बारदान टाकून रोज पाणी कशावर मारतात? ताज्या सिमेंटवर. माझ्या स्लॅबवर मी तेच करतेय. बद्रीनाथ, नसतं मारलं पाणी तर काय बिघडलं असतं?"

बद्रीनाथनं आपल्या हातांकडं पाहिलं.

"तडा गेला असता," तो म्हणाला. "तड्यातून वास आला असता. पण खरं सांगू? तेवढा इचारच केला नाय. सिमेंट वतलं की पाणी मारायचं. हात ऐकतच न्हाईत."

"आणि कचरू?"

"मी प्लास्टिकात वायरींचं भंगार मिसळायचो. सस्त्यात यायचं, उरलेलं पैसं माझ्या खिशात. धुरानं कामावरच्या बाया खोकायच्या. कचरू म्हणला, बंद कर, नायतर मालकाला सांगतो. मी ढकलला. डोकं साच्याच्या यंत्रावर आदळलं. मग उठलाच नाय तो."



गीताबाई गेटाबाहेर बसून होती. सरिता तिच्याजवळ उकिडव्या बसल्या.

"सापडले, गीताबाई. जिवंत नाहीत."



"पायात बूट व्हते?"

"होते."

"म्हंजी टाकून नव्हता गेला."

"नाही. कुठंच गेले नव्हते."

"मग वस्तीत तेवढं तुमी येऊन सांगा, म्याडम," ती म्हणाली. "माझं कुणी ऐकंना."

"चला," सरिता म्हणाल्या. त्यांनी तिचा हात धरून तिला उठवलं आणि दोघी वस्तीकडं चालू लागल्या.