कॉपीवरचं नाव

"दगड डोळ्यालाच लागलाय," फोन ठेवत सिनेमाची एडिटर म्हणाली.

दगड लागला होता तिच्या आईला. आई सत्तरीतली नटी. या ओटीटी कंपनीच्या नव्या सिनेमात तिनं मुलगा गमावलेल्या बाईचं काम केलं होतं. सिनेमा आज संध्याकाळी लागायचा होता, आणि सकाळीच त्यातला एक तुकडा कुणीतरी बाहेर सोडला. बाई देवाचा फोटो भिंतीवरून ओढते, आपटते, देवाला शिवी घालते. पुढच्याच क्षणी ती काचा वेचत देवाची माफी मागते, ते मात्र कापलेलं. झालं! दुपारपर्यंत गर्दी नटीच्या दारात.

आणि तुकड्यावर फिकट अक्षरांत नाव होतं एडिटरचं. सिनेमा लागण्याआधी कंपनीत ज्याला त्याची कॉपी मिळते, त्याचं नाव तिच्यावर छापलेलं असतं. काही केल्या ते पुसता येत नाही.

"प्रसिद्धीसाठी सख्ख्या आईला दगडांच्या तोंडी दिलं!" कंटेंटचे साहेब म्हणाले. कोणता सिनेमा दाखवायचा ते हेच ठरवायचे, नावं छापून कॉप्या यांच्याच केबिनमधून जायच्या. "हिला पोलिसांत देतो. सिनेमाही थांबवावा लागणार. माझा नाइलाज आहे."

"जरा दमानं घ्या," फौजदारबाई म्हणाल्या. बाई पोलिसातून निवृत्त होऊन इथं सुरक्षाप्रमुख झाल्या होत्या, पण फौजदारकी काही सुटली नव्हती. त्या एडिटरकडे वळल्या.

"तुझी कॉपी कुठंय?"

"कपाटात."

"किल्ली?"

"माझ्याकडेच."

"दुसऱ्या कुणाकडे?"

"नाही."

"मग तूच दिलीस?"

"अहो, माझी आई आहे ती! मी देईन का?"

तिचा आवाज फाटला. बाईंनी तिला पाणी दिलं आणि तो तुकडा पुन्हा लावला. बाई स्वतः देवभोळ्या. सकाळी पाहिला तेव्हा त्यांचंही माथं भडकलं होतं, आणि भडकलेला माणूस कसला नीट ऐकतोय! आता त्यांनी कान देऊन ऐकलं. फोटो आपटला. ओठ हलले, शिवी ओठांवरून कळली. पण ऐकू आलीच नाही.

त्यांनी कपाटातली एडिटरची कॉपी लावली. शिवी खणखणीत. दिग्दर्शकाची मागवली. तीही तशीच.

मग त्यांनी साउंडवाल्याला गाठलं.

"शिवी गाळून कॉपी केली होतीस?"

"एकच."

"कुणासाठी?"

त्यानं सांगितलं. बाई तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. एडिटर मागोमाग.

"साहेब, घरी तुमच्या आईबरोबर बघता यावा म्हणून शिवी काढून घेतलीत ना?"

"मग? तो काय गुन्हा आहे?"

"तो नाही. पण बाहेर गेली ती तीच कॉपी."

"आवाज काय, हिनंही बंद केला असेल!"

"आग लावायला निघालेला माणूस रॉकेल घरी ठेवून जातो होय? लोक त्या शिवीवर तर पेटणार. हिच्याकडे शिवीसकट कॉपी होती, ही कशाला गाळेल? आता नावाचं बघा. बाकी सगळ्यांच्या कॉप्यांवर नावं. कोरी फक्त तुमची, कारण छापणारे तुम्हीच. कोऱ्या कॉपीवर हिचं नाव टाकलंत. सिनेमा पाहिलात तो आईशेजारी बसून, शिवी गाळलेलाच. त्यामुळे तुकडा सोडताना त्यात शिवी नाही हे तुमच्या ध्यानातच राहिलं नाही."

साहेब खुर्चीत खचले.

"मालक म्हणाले होते, हा सिनेमा लावलास तर जे होईल ते तुझ्या डोक्यावर. आणि मी आपणहून काढला असता तर तुम्हीच मला भित्रा म्हणाला असतात. भर सभेत छाती ठोकून सांगितलं होतं मी, आम्ही कुणाला घाबरून काही काढत नाही! वाटलं, चार लोक ओरडतील, मी नाइलाज म्हणेन आणि सुटेन. दगडाचं मला काय माहीत!"

"काडी तुम्ही टाकायची आणि धूर कुठून आला म्हणून विचारायचं!" बाई कडाडल्या. "आणि नाव हिचंच का?"

"आईच्या सिनेमासाठी मुलगीच करेल, असं लोकांना पटलं असतं."

एडिटरनं संतापून त्यांच्याकडे पाठ फिरवली.

बाईंनी मालकांना स्पीकरवर फोन लावला, सगळं सांगितलं.

"त्याला पोलिसांत द्या," मालक म्हणाले. "आणि सिनेमा काढून टाका."

"अहो, आता तर खरं काय ते कळलंय!" एडिटर ओरडली.

"तुम्हाला कळलंय. खाली ऑफिसच्या फाटकाशीही गर्दी उभीये, तिला कुठं कळलंय?" फोन बंद झाला.

तेवढ्यात एडिटरचा मोबाइल वाजला. हॉस्पिटलमधून आई बोलत होती, आवाज खोल गेलेला.

"लागला का गं सिनेमा? घाबरू नकोस हं. पुढचं बघितलं की लोकांचा राग जाईल बघ."

एडिटरनं फौजदारबाईंचा हात घट्ट धरला.

"हो आई," ती म्हणाली. "लागलाय. सगळे बघतायत."